समस्त पेशंट मित्रमंडळ

सरकारी तपासणी येणार म्हटलं की माणसाची बुद्धी जाते, असं मी ऐकून होते. आमच्या केंद्रात ती सगळ्यांची एकदमच गेली, आणि सगळ्यांत आधी माझी.

मी मुठा खोऱ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. राहते सूसला. रोज स्कूटरवरून जाते-येते आणि वाटेतल्या प्रत्येक डंपरवाल्याला मनातल्या मनात, कधी कधी मोठ्यानेही, दोन शब्द सुनावते. लोकांना वाटतं, समुपदेशक म्हणजे शांत बाई असणार. मी कामावर शांत असते, कारण माझा सगळा राग रस्त्यात खर्च झालेला असतो.

केंद्र म्हणजे एका शेतकऱ्याचा बंगला. शनिवार-रविवारी येणाऱ्या शहरातल्या लोकांना भाड्याने द्यायला म्हणून त्यांनी तो हौसेने बांधला होता. त्यामुळे आमच्या समुपदेशनाच्या खोलीत भिंतभर निळे डॉल्फिन आहेत. माणूस आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट सांगायला लागतो आणि मध्येच त्याची नजर डॉल्फिनवर जाते. डॉल्फिन हसत असतात. मालकांना मी कितीदा सांगितलं, भिंत रंगवून द्या. ते म्हणतात, "म्याडम, मासं कुनाला काय करत्यात?"

आमच्याकडे दारूवाले येतात, पण खरी गर्दी असते ती दुखण्याच्या गोळ्यांच्या आणि गर्दच्या नादी लागलेल्यांची. त्यांच्यासाठी एक औषध असतं. जिभेखाली ठेवायची गोळी. त्या गोळीने अंग दुखायचं, तडफडायचं, चोरून काहीतरी मिळवायचं थांबतं. माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. महिनोन्महिने घ्यावी लागते, काहींना वर्षानुवर्षं. गावातले लोक विचारतात, गोळी सोडवायला परत गोळीच का? मी त्यांना मधुमेहाचं उदाहरण देते. त्यावर ते म्हणतात, मधुमेहाचीही गोळी घेऊ नये, कारल्याचा रस घ्यावा.

ही गोळी स्वतःच अफूच्या जातीची असल्यामुळे सरकारचं तिच्यावर बारीक लक्ष असतं, आणि ते बरोबरच आहे. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली सिस्टरांकडे, दुसरी डॉक्टरांकडे. गोळी सिस्टरांनी स्वतः हातात द्यायची आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत समोर उभं राहायचं. पेशंटने तोवर बोलायचं नाही, काही गिळायचं नाही, चहा प्यायचा नाही. मग सिस्टर म्हणतात, "आ करा. जीभ वर." आत काही उरलं नाही ना ते बघतात आणि मग सोडतात. बाकी सगळं जमतं हो. पण आपल्या मुळशीतल्या माणसाला सकाळी सकाळी, चार ओळखीचे लोक समोर बसलेले असताना, गप्प ठेवणं हे या उपचारातलं सगळ्यात अवघड काम आहे.

तर, आमच्या परवान्याची मुदत संपत आली होती. समिती येऊन बघणार, मग पुढचं ठरणार. परवाना नाही मिळाला तर कपाट बंद, आणि पेशंटांनी रोज शहरातल्या सरकारी दवाखान्यात जायचं. ज्यांच्याकडे गाडी आहे ते गेलेही असते. मामा गेले नसते.

मामा म्हणजे आमचे शेळ्या-मेंढ्यांवाले पेशंट. वय पन्नाशीचं, अंगात काही नाही, मिशा मात्र भरघोस. कड्यावर अडकलेलं करडू सोडवायला गेले आणि वरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. मग एकेक शेळी विकून गोळ्या आल्या. निम्मा कळप असा संपल्यावर मामींनी त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणलं. तेव्हापासून दोघं रोज सकाळी येतात, शेरडं घेऊनच. मामा लंगडत आत जातात, मामी दोऱ्या धरून पायरीशी उभ्या राहतात, कारण सोडली तर शेरडं मालकांची जास्वंद खातात.

तपासणीचं कानावर गेल्यापासून मामी रोज मला एकच विचारायच्या, "म्याडम, बंद न्हाई ना व्हनार?"

"नाही हो मामी."

"मागं येकदा तुमच्या गोळ्या आल्या न्हवत्या, चार दिस. आठवतंय ना?"

मला आठवत होतं. त्या चार दिवसांत मामा घरातून निघून गेले होते. सापडले तेव्हा शुद्धीवर नव्हते आणि एक शेळी कमी होती. मामी ते सगळं बोलून दाखवायच्या नाहीत. "आठवतंय ना," एवढंच म्हणायच्या आणि दोरी हाताला गुंडाळायच्या.

म्हणून मी कामाला लागले. आग विझवायचं नळकांडं भरून आणलं. खाटांमधलं अंतर मोजलं. रुग्णांच्या हक्कांचा फलक नव्याने रंगवून घेतला, अगदी दारासमोर लावला. त्यात ठळक लाल अक्षरात लिहिलं होतं की रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाईल. आमचे डॉक्टर आधीच हळू बोलणारे, ते त्या आठवड्यात नुसते ओठ हलवायला लागले. मालक मला दोनदा विचारून गेले, "म्याडम, आमी काय करू?" मी म्हणाले, "मालक, तुम्ही काही करू नका." आमच्या भागात हे वाक्य कुणी मनावर घेत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी फाट्यावर आले आणि असा ब्रेक दाबला की मागचा दूधवाला माझ्यावर ओरडला. मी त्याला उलट ओरडलेसुद्धा नाही. समोर फ्लेक्स होता.

चांगला दोन मजली उंचीचा. वरच्या कोपऱ्यांत गणपती आणि ग्रामदैवत. मधोमध मालक, काळा गॉगल, गळ्यात साखळी, एक हात उंच. त्याखाली, "व्यसनमुक्ती केंद्राच्या तपासणीनिमित्त माननीय समितीचे सहर्ष स्वागत!" त्याखाली, "स्वागतोत्सुक : समस्त पेशंट मित्रमंडळ." आणि त्याच्याही खाली, दोन रांगांत, हसऱ्या चेहऱ्यांनी, नावांसकट, नावापुढे भाऊ, शेठ, दादा लावून, आमचे सगळे पेशंट.

कंपन्यांच्या लोकांना ने-आण करणारा आमचा टॅक्सीवाला फेटा बांधून होता, लग्नातला फोटो असणार. जेसीबी चालवणारा एका बुलेटवर बसला होता, जी त्याची नव्हती. मामांकडे कुठला फोटो असायला, म्हणून मालकांनी त्यांना आपला कोट आणि आपलाच गॉगल घालून नवीन काढला होता. मामा एखाद्या बँकेवर दरोडा घालून आल्यासारखे दिसत होते. आणि एका कोपऱ्यात "मार्गदर्शक" म्हणून मी. भाडेकरारासाठी दिलेल्या आधार कार्डावरचा फोटो. त्यात मीच पेशंट वाटत होते.

ज्यांची ओळख जिवापाड जपायची, त्यांची ओळख मी फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या अख्ख्या जनतेसोबत वाचत होते. बांबूला तारा आवळलेल्या, फ्लेक्स हाताने सुटेना. मी स्कूटर स्टँडला लावली, सीटवर चढले आणि ओढणी पसरून जमतील तेवढे चेहरे झाकायला लागले. एका ओढणीत अडीच पेशंट बसतात. मी कधी टॅक्सीवाल्याला झाकत होते, कधी मामांना. एसटीवाली जनता मला सूचना करत होती.

तेवढ्यात एक पांढरी गाडी थांबली.

"व्यसनमुक्ती केंद्र कुठं आहे हो?" ड्रायव्हरने विचारलं.

मी ओढणी न सोडता हनुवटीने रस्ता दाखवला. मागची काच खाली आली. आत एक केस पिकलेल्या, सुती साडीतल्या बाई होत्या. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे पेशंट आहेत?" बाईंनी विचारलं.

"कोण?" मी म्हणाले. एवढं मूर्ख उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

"तुमच्या ओढणीच्या बाहेर आहेत ते. आणि आत आहेत तेही." मग त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आणि या तुम्ही."

"हो. पण तो आधारचा आहे," मी म्हणाले.

गाडी पुढे गेली. मी ओढणी तशीच सोडून तिच्या मागे स्कूटर काढली. रडू आणि राग दोन्ही एकदम येत होतं, त्यामुळे धड काहीच येत नव्हतं.

बंगल्याच्या दारात मालक हार, शाल, श्रीफळ घेऊन उभे. बाईंनी हात जोडून नको म्हटलं. गृहस्थांनी शालीपासून दोन पावलं मागे जाऊन, "अशा भेटी स्वीकारता येत नाहीत," असं सांगितलं. मालकांनी सगळं पायरीवरच्या टेबलावर मांडून ठेवलं, जाताना घेतील म्हणून. मी त्यांना बाजूला ओढलं.

"मालक, हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"यांची नावं बाहेर सांगायची नसतात! कायदा आहे!"

"आवं, चोरी केलीया का कुनी?" मालकांना खरंच कळेना. "हितं म्हशीला रेडकू झालं तरी फ्लेक्स लागतो. ही मानसं मरता मरता माघारी आली. त्यांचा नको लागाया? अन् मी कुनाला न इचारता न्हाई लावला. समद्यांनी आपल्या हातानं फोटू दिल्याती."

हा माणूस गावाचा विरोध अंगावर घेऊन आम्हाला जागा देणारा एकटाच. त्याला हाणावं की पाया पडावं, ते मला आजही कळलेलं नाही.

आत हॉलमध्ये वेगळीच तऱ्हा. सिस्टर वेळेच्या पक्क्या. "समिती येवो नाहीतर भूकंप होवो, गोळीची वेळ म्हणजे गोळीची वेळ," असं त्यांनी बाईंनाही दारातच सुनावलं होतं. सगळ्यांच्या जिभेखाली नुकत्याच गोळ्या ठेवलेल्या, आणि समस्त पेशंट मित्रमंडळ भिंतीला टेकून ओठ मिटून बसलेलं. बाईंनी कपाट उघडायला लावून गोळ्यांची वही तपासली. गृहस्थांनी खुर्ची ओढली, तपासणीचा तक्ता काढला.

"फाट्यावरच्या फ्लेक्सवर तुमचेच फोटो आहेत का?"

मग सगळ्यांनी एकदम माना हलवल्या, होकाराच्या.

"ते लावायला तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

टॅक्सीवाल्याने नकाराची मान इतक्या जोरात हलवली की सिस्टर ओरडल्या, "डोकं हलवू नका, गोळी हलेल!" जेसीबीवाल्याने मात्र अंगठा आणि बोट यांत थोडंसं अंतर ठेवून गृहस्थांना दाखवलं आणि तोंड वाकडं केलं.

"थोडा दबाव," गृहस्थांनी लिहून घेतलं.

जेसीबीवाला घाबरला. त्याने दोन्ही हातांनी हवेत एक मोठा चौकोन काढला, मालकांकडे बोट दाखवलं. मग एक छोटा चौकोन काढला आणि स्वतःच्या छातीवर हात मारला.

"मोठ्या माणसाने लहान माणसावर," गृहस्थांनी लिहिलं.

इतक्यात मालक चहाचा ट्रे घेऊन थेट पेशंटांसमोर. पाहुण्यांसमोर दिलेला चहा नाकारायचा कसा, म्हणून दोन-तीन हात पुढे झालेसुद्धा. सिस्टर मध्ये पडल्या आणि ट्रे अडवून उभ्या राहिल्या. "कुणी घोट घेतला तर बघा!" मालकांचा अपमान झाला. डॉक्टर काहीतरी समजावून सांगत होते, पण ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. बाई एकट्या मजेत सगळ्यांकडे बघत होत्या, की रागात, ते कळत नव्हतं. त्यांच्या डोक्यावर नेमका हक्कांचा फलक होता.

अखेर सिस्टर ओळीने फिरल्या. "आ करा. जीभ वर. झालं. आ करा." आणि तोंडं मोकळी झाल्याबरोबर सगळे एकदम बोलायला लागले. त्यात जेसीबीवाल्याचा आवाज सगळ्यांत वर. "दबाव न्हाई वो सायेब! माझा फोटू बारीक छापलाय, त्यांचा केवढा, असं म्हनत हुतो!"

मला हसू फुटलं. गृहस्थांना फुटलं नाही. त्यांनी लिहिलेलं खोडलं, तक्ता मिटला आणि शांतपणे सांगितलं, "हे बघा, संमती असो नसो, रुग्णांची नावं आणि चेहरे चौकात लागलेत. हा नियमभंग आहे. चौकशी होईपर्यंत औषधाचं कपाट सील करावं लागेल."

हॉल गप्प झाला. या वेळी जिभेखाली काहीच नव्हतं. मी मामांकडे बघायचं टाळलं आणि खिडकीकडे बघितलं, तर तिथे गजाला तोंड लावून मामी. त्यांनी ऐकलं होतं.

मामा एरवी आमच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. ते भिंतीचा आधार घेत उठले.

"बाई, येक बोलू?" ते म्हणाले.

"बोला," बाई म्हणाल्या.

"माझा फोटू काय पयल्यांदा न्हाई लागला. बाजारातल्या मेडिकलात हाय की. काउंटरच्या आतल्या अंगाला चिकटवलाय. ह्याला गोळ्या देऊ नका, असं खाली लिवलंय. हिनंच नेऊन दिला. आमच्या लग्नाचा येकच फोटू हुता, त्यो मधनं फाडला अन् माझी बाजू तितं दिली. तिची बाजू घरी हाय." मामांनी खिडकीकडे बघितलं. "लई चांगलं केलं तिनं. पर जाईल तितं लोक त्योच फोटू सांगायचे. आज सकाळी पोरीचा फोन आला. म्हनली, आबा, फ्लेक्सवर तुमचा फोटू बघितला, गागल लई झ्याक दिसतोय. ह्याच्यासाठनंच मी दिला फोटू. आता तुमी म्हनता चूक हाय, तर चूक. फ्लेक्स काडा, फाडा, माझं काय न्हाई. पर कपाट लावू नका. उद्या सकाळी गोळी न्हाई भेटली तर सांजच्याला मी कुटं असन, मला म्हाईत हाय. हिला बी म्हाईत हाय."

आणि ते परत भिंतीला टेकून खाली बसले, दुखऱ्या पायाला हाताने सरळ करत. इतकी वर्षं या माणसाला मी प्रश्न विचारत आले, वजन विचारलं, झोप विचारली. फोटोचं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

बाई खुर्चीवरून उठल्या. मग मालकांना म्हणाल्या, "फ्लेक्स आत्ता उतरवायचा. माझ्यासमोर. परत असं काही दिसलं तर मी स्वतः येऊन कुलूप लावेन." मालक मान खाली घालून "व्हय" म्हणाले. मग माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे वळून, "तुमच्याबद्दल अहवालात कडक लिहिणार आहे. ते लिहिलंच पाहिजे." मी मान डोलावली. तेवढं आम्ही कमावलंच होतं.

"आणि कपाट?" गृहस्थांनी विचारलं.

"कपाटाने काय केलंय?" बाई म्हणाल्या. "कपाट नीट आहे. दोन कुलपं आहेत, हिशेब बरोबर आहे, गोळी समोर दिली जाते. ही बाई भूकंपात पण देईल. परवाना चालू राहू द्या, अशी शिफारस करते मी. चौकशी फ्लेक्सची होईल, औषधाची नाही." मग त्या मामांकडे वळल्या. "उद्या किती वाजता येता?"

"शेरडं सुटली की," मामा म्हणाले.

"मग उद्या या. परवा पण या."

खिडकीतून मामी दिसेनाशा झाल्या. मी बाहेर धावले, तर त्या पायरीवर मटकन बसलेल्या, पदर तोंडाशी, आणि हमसून हमसून रडत होत्या. इतकी वर्षं रोज बघतेय, पण मामींना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोऱ्या त्यांच्या हातात नव्हत्या.

त्या दोऱ्यांना बांधलेली शेरडं टेबलावर चढली होती. समितीसाठी आणलेले हार दोन शेळ्यांनी मिळून निम्मे खाल्लेले, एक बोकड शाल अंगावर पांघरून उभा, एक जास्वंदीत घुसलेली आणि एक पांढऱ्या गाडीच्या उघड्या दारातून आत, मागच्या सीटवर. "आवं धरा, धरा!" मालक ओरडले. गृहस्थ तक्ता टाकून गाडीकडे पळाले. बाईंनी साडी खोचली आणि एका करडाचा कान पकडला. जेसीबीवाला, टॅक्सीवाला, सिस्टर, सगळी धावाधाव. आमच्या डॉक्टरांचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला, ते म्हणत होते, "हुर्र! हुर्र!" मी दारात उभी राहून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

मामा लंगडत बाहेर आले. शेरडांकडे न जाता ते पायरीवर मामींच्या शेजारी टेकले.

"आवं, शेरडं गेली," मामी पदरातून म्हणाल्या.

"जाऊ दे," मामा म्हणाले. "सायेब आनत्यात."